जेवणाच्या टेबलावरचा तो सीन : ‘एलियन’ नक्की कुठल्या खणात ठेवायचा?

(पॉडकास्टच्या भागाचं हे शब्दांकन. बोलण्याच्या ओघात झालेली पुनरुक्ती तेवढी कमी केली आहे, बाकी बोलणं जसंच्या तसं.)

 

आजचा भाग जेवता जेवता ऐकू नका. गंमत म्हणून नाही, खरंच सांगतोय. ताट समोर असेल तर भाग थांबवा, जेवून घ्या, हात धुवा आणि मग या. आणि दुसरी सूचना म्हणजे ज्यांनी ‘एलियन’ पाहिला नाहीये त्यांच्यासाठी इथे सगळंच उघड होणार आहे. सिनेमा १९७९ चा आहे. एवढ्या वर्षांत पाहिला नसेल तर आता माझ्यावर रागावू नका.

गेल्या भागात मी बोलण्याच्या भरात म्हणून गेलो की ‘एलियन’ हा माझा सगळ्यात आवडता सायन्स फिक्शन सिनेमा. त्यावर आमच्या सिनेमावाल्या ग्रुपवर दोन दिवस धुमश्चक्री चालली. एक म्हणाला, हा सायन्स फिक्शन कसला, हा भुताचा वाडा आहे, फक्त वाड्याला इंजिन लावलंय. दुसरी म्हणाली, हा सरळसरळ स्लॅशर आहे, एकेकाला टिपून मारणारा. तिसऱ्याचं म्हणणं, हा बॉडी हॉरर आहे, विषय संपला. आणि प्रत्येक जण पुरावा म्हणून एकच सीन पुढे करत होता. जेवणाच्या टेबलावरचा.

तर म्हटलं, चला, आज त्या एका सीनवरच बोलू.

आधी सीन आठवू या. नोस्ट्रोमो नावाचं मालवाहू जहाज पृथ्वीकडे परत निघालंय. जहाजावर सात माणसं आणि मागे ओढून आणलेलं दोन कोटी टन खनिज. वाटेत एक सिग्नल येतो, म्हणून ते एका ओसाड ठिकाणी उतरतात. तिथे केन नावाचा त्यांचा सहकारी एका अंड्यावर वाकून बघतो आणि आतून काहीतरी उडी मारून त्याच्या तोंडाला चिकटतं. काढता येत नाही, कापावं तर त्याचं रक्त ॲसिडसारखं जहाजाचे मजलेच्या मजले जाळत खाली उतरतं. मग एके क्षणी ते आपोआप गळून पडतं, मरतं. केन जागा होतो. काय म्हणतो? भूक लागली.

सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. पुन्हा दीर्घ झोपेत जाण्याआधी एकदा सगळे मिळून जेवू, असं ठरतं. टेबलाभोवती थट्टामस्करी चाललीय, जेवणाला नावं ठेवणं चाललंय. केन हावरटासारखा खातोय. मग ठसका लागतो. घास अडकला असं वाटतं. तो तडफडायला लागतो, बाकीचे त्याला टेबलावर आडवा पाडून धरतात. शर्टवर एकदम रक्ताचा डाग उमटतो. आणि सगळे थबकतात. हा थबकण्याचा क्षण लक्षात ठेवा. दुसऱ्या झटक्याला छाती फोडून ते पिल्लू बाहेर येतं. इकडे तिकडे बघतं. पार्कर सुरी उचलतो, आणि ॲश, म्हणजे जहाजावरचा वैज्ञानिक, त्याला ओरडून अडवतो की हात लावू नका. ते पिल्लू टेबलावरून सरपटत पसार होतं.

बस, एवढाच सीन. काही मिनिटांचा. पण सिनेमाच्या इतिहासात याच्या आधीचा आणि याच्या नंतरचा असे दोन भाग पडले, असं म्हटलं तरी चालेल.

हा सीन शूट कसा झाला ते थोडक्यात सांगतो, कारण त्याचा आपल्या वादाशी संबंध आहे. इंग्लंडमधल्या शेपर्टन स्टुडिओत १९७८ साली हे शूटिंग झालं. केन झालेला जॉन हर्ट टेबलाखाली होता, फक्त डोकं आणि हात वर. टेबलावर दिसते ती खोटी छाती, त्यात खाटकाकडून आणलेली खरी आतडी, काळीज वगैरे भरलेलं. ते दिव्यांच्या उष्णतेत वास मारायला लागलं होतं. पिल्लाचं बाहुलं रॉजर डिकननं बनवलं होतं. नटांना स्क्रिप्ट माहीत होतं, छातीतून काहीतरी बाहेर येणार हेही माहीत होतं. रक्ताच्या चिळकांड्या किती आणि कुठे उडतील, हे मात्र त्यांना सांगितलं नव्हतं. सेटवर आले तर कॅमेऱ्यांवर प्लास्टिक आणि तंत्रज्ञांच्या अंगावर रेनकोट! तेव्हाच पोटात गोळा आला असणार. पहिल्या खेपेला शर्ट फाटलाच नाही. मग शर्टाला आधीच चिरा देऊन ठेवल्या आणि पुन्हा घेतलं. व्हेरॉनिका कार्टराइटच्या तोंडावर रक्ताची धार आली. पडद्यावर तिचं जे किंचाळणं दिसतं, त्यातला धक्का खरा आहे.

म्हणजे तो थबकण्याचा क्षण काही प्रमाणात खराच होता. माणसं खरंच बघत उभी होती की हे काय चाललंय.

आता वादाकडे येऊ. एकेक पक्ष नीट ऐकून घेऊ.

पहिला पक्ष, भुताचा वाडा. यात तथ्य आहे बरं का. अंधारे बोळ, थेंब थेंब गळणारं पाणी, लोंबणाऱ्या साखळ्या, मांजर. जुन्या वाड्यातल्या भयकथेचं सगळं सामान इथे आहे. आणि हे काही अचानक आलेलं नाही. १९५८ चा ‘इट! द टेरर फ्रॉम बियाँड स्पेस’ बघा, त्यातही यानात शिरलेला राक्षस एकेकाला मारतो. १९६५ चा मारिओ बावाचा ‘प्लॅनेट ऑफ द व्हॅम्पायर्स’ बघा. पण माझा प्रश्न असा, की वाड्यातलं भूत वाड्यात असतं. आपण वाड्यात शिरतो, पळून बाहेर आलो की सुटलो. इथे ते केनच्या आत आहे. केन स्वतःच वाडा आहे. तो पळणार कुठे?

दुसरा पक्ष, स्लॅशर. ‘हॅलोविन’ आला १९७८ मध्ये, ‘एलियन’ त्याच्या पुढच्या वर्षी. एक मारेकरी, एकेक बळी, शेवटी उरलेली एकटी शहाणी मुलगी. कॅरोल क्लोव्हर या अभ्यासक बाईंनी पुढे १९८७ मध्ये तिला ‘फायनल गर्ल’ हे नाव दिलं, आणि रिप्ली त्या साच्यात बसते हे मान्य. सिनेमाच्या उत्तरार्धाला हे लेबल चपखल आहे. पण जेवणाच्या टेबलाला? स्लॅशरमध्ये मारेकरी बाहेरून येतो, हातात सुरा घेऊन. इथे सुरा आहे तो पार्करच्या हातात, आणि त्याचा उपयोग शून्य.

तिसरा पक्ष, बॉडी हॉरर. इथे मात्र जरा थांबायला पाहिजे. मराठीत आपण याला देहभयपट म्हणू या का? शब्द जड आहे, पण अर्थ सरळ आहे. स्वतःच्या शरीराची भीती. डेव्हिड क्रोननबर्गचा ‘शिव्हर्स’ १९७५ चा, त्यातही अंगात शिरणारे परजीवी आहेत. पण त्याचाच १९८६ चा ‘द फ्लाय’ घ्या. तिथे माणूस हळूहळू माशी होतो. नखं गळतात, दात पडतात, आणि तो स्वतःच ते बघतोय. किंवा जॉन कार्पेंटरचा १९८२ चा ‘द थिंग’. तिथेही छातीचा एक भयंकर सीन आहे. डॉक्टर शॉक द्यायला जातो आणि पेशंटची छाती जबड्यासारखी उघडून डॉक्टरचे हात तोडते. पण फरक बघा. ‘द थिंग’मध्ये तो पेशंट आधीच माणूस उरलेला नाहीये. ‘द फ्लाय’मध्ये माणूस दुसरं काही बनतोय. केनचं तसं होत नाही. केन शेवटच्या क्षणापर्यंत केनच आहे. तो बदलत नाही. तो वापरला जातो.

आणि इथे मी माझ्या बाजूनं, म्हणजे सायन्स फिक्शनच्या बाजूनं उभा राहतो. दार्को सुविन नावाच्या अभ्यासकाचं विज्ञानकथेवरचं गाजलेलं पुस्तक योगायोगानं १९७९ चंच आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की विज्ञानकथेत एक नवी गोष्ट असते आणि बाकी सगळं जग त्या गोष्टीच्या तर्काप्रमाणे चालतं. ‘एलियन’मध्ये ती नवी गोष्ट म्हणजे त्या प्राण्याचं जीवनचक्र. अंडं, मग तोंडाला चिकटणारा, मग पिल्लू, मग मोठा. प्रत्येक पायरीला कारण आहे. तोंडाला चिकटलेला मेला, कारण त्याचं काम झालं. केनला भूक का लागली? आत दुसरं कुणी वाढतंय. भुताला असं जीवशास्त्र लागत नाही.

आणि हे जीवशास्त्र काही आकाशातून पडलेलं नाहीये. तुमच्या घराच्या कोपऱ्यात आहे. लहानपणी माळ्यावर, खिडकीच्या चौकटीत मातीची छोटी घरं बघितलीयत ना? कुंभारीण बांधते ती. ती अळी पकडते, नांगी मारून लुळी करते. मारत नाही हं, मेली तर सडेल. जिवंत, ताजी अळी त्या मातीच्या घरात ठेवते, सोबत अंडं घालते आणि तोंड लिंपून टाकते. अंड्यातून निघालेलं पिल्लू ती अळी खाऊन वाढतं आणि एक दिवस भिंत फोडून नवी कुंभारीण बाहेर येते. याच्या काही बहिणी तर अंडं थेट अळीच्या अंगात घालतात. चार्ल्स डार्विननं १८६० साली एका पत्रात लिहिलं होतं की असे कीटक कुणा दयाळू देवानं मुद्दाम निर्माण केले असतील, हे त्याला पटवून घेता येत नाही. आणि आपले ऊस-कापसाचे शेतकरी काय करतात? ट्रायकोकार्ड आणून पानांना टाचतात. त्या कार्डावर ट्रायकोग्रामाची, म्हणजे इवल्याशा गांधीलमाशीची पिल्लं असतात. ती पतंगाच्या अंड्यात आपलं अंडं घालते, आणि पुढे पतंगाच्या अंड्यातून अळीऐवजी तिचं पिल्लू बाहेर पडतं. त्याला आपण काय म्हणतो? मित्रकीटक!

आता एक गंमत सांगतो. आपल्या परंपरेत हाच सीन फार जुना आहे. भ्रमर-कीटक न्याय ऐकलाय? माशी अळीला उचलून मातीच्या घरात कोंडते, अळी भीतीनं सारखा त्या माशीचाच ध्यास घेते, आणि ध्यास घेता घेता स्वतः माशी होऊन बाहेर पडते. म्हणून भक्तानंही देवाचा असा ध्यास घ्यावा, म्हणजे तो देवरूप होतो. कीर्तनात आजही हा दृष्टांत येतो. बघणाऱ्यांनी जे बघितलं ते खरंच होतं. अळी आत गेली, माशी बाहेर आली. मधे काय झालं ते भिंतीआड होतं.

म्हणजे बघा, घटना एकच. कीर्तनकार सांगतो तेव्हा ती मोक्षाची कथा. शेतकरी बघतो तेव्हा पीक वाचल्याची. डार्विन बघतो तेव्हा देवाबद्दलची शंका. अळीनं कथा सांगितली तर? ती भयकथा.

इथपर्यंत मी स्वतःवर खूश होतो. म्हटलं, झालं, भागाचा शेवट मिळाला. प्रकार कुठला हे सीनमध्ये नसतं, आपण कुणाच्या बाजूला उभे आहोत त्यावर ठरतं. छान टाळ्या.

मग मी हा सीन माझ्या मावसभावाबरोबर पुन्हा पाहिला. त्याला विचारूनच सांगतोय हे. त्याला क्रोन्स आहे. आतड्याला सूज येण्याचा जुनाट आजार, पूर्ण बरा होत नाही, औषधांवर काबूत ठेवायचा. मी त्याला आधी सांगितलं होतं की डॅन ओ’बॅनन, म्हणजे ज्यानं ‘एलियन’ लिहिला, त्यालाही क्रोन्सच होता. पोटाच्या दुखण्यानं तो कायम हैराण असायचा आणि २००९ साली त्याच आजारानं गेला. ‘एलियन’ लिहायला घेतला तेव्हा त्याच्याकडे पैसे नव्हते, होडोरोवस्कीचा ‘ड्यून’ बंद पडल्यावर तो रोनाल्ड शुसेट या मित्राच्या घरी सोफ्यावर झोपत होता. प्राण्यानं एका माणसात बीज ठेवावं ही कल्पना त्या शुसेटची. पण पोटातून काहीतरी बाहेर यायला बघतंय ही भावना ओ’बॅननला कुणी शिकवायची गरज नव्हती.

तर सीन संपला. मी त्याच्या तोंडाकडे बघतोय. वाटलं, छाती फुटते तिथे तो डोळे मिटेल. त्यानं नाही मिटले. मी विचारलं, काय वाटलं? तर म्हणाला, “दादा, रक्त-बिक्त ठीक आहे रे. मला त्याच्या आधीचं बघवत नाही. तो म्हणतो ना भूक लागली, आणि सगळे खूश होतात. ते.”

मी गप्प बसलो. कारण मला आठवलं. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे सगळे जेवायला जमलो होतो. त्याचे चांगले दिवस चालू होते. मावशीनं त्याला आग्रह करकरून वाढलं, त्यानंही दोनदा मागून घेतलं, आम्ही सगळे म्हणतोय, बघ, रंग कसा परत आलाय. आणि भात वाढेपर्यंत तो पानावरून उठला. त्या रात्री हॉस्पिटल. पानावरून उठताना तो हसला होता, आम्ही काळजी करू नये म्हणून. तो हसलेला चेहरा मी विसरलो होतो. तो विसरला नव्हता.

मग आम्ही तो सीन परत लावला, आणि मी पहिल्यांदा छातीकडे न बघता टेबलाकडे बघितलं. आणि एक गोष्ट दिसली. सगळे हसतायत, पण ॲश हसत नाहीये. तो केनकडे बघतोय. निरीक्षण करतोय. पुढे आपल्याला कळतं की ॲश माणूस नाहीच, कंपनीनं बसवलेला यंत्रमानव आहे. केनला जहाजात घ्यायला रिप्लीनं नकार दिला होता, चोवीस तासांच्या विलगीकरणाचा नियम दाखवून. तेव्हा दार उघडलं ते ॲशनं. करोनानंतर तो प्रसंग बघताना तर अंगावर काटा येतो. आणि कंपनीचा गुप्त आदेश असा होता की प्राणी आणा, बाकी सगळं दुय्यम, माणसं गेली तरी चालतील.

आणखी मागे जा. त्या ओसाड जागी ही माणसं उतरलीच का? पार्कर म्हणतो, आम्ही मालवाहू लोक, बचावकार्य आमचं काम नाही, करायचं तर पैसे द्या. तेव्हा करारातलं कलम कोण वाचून दाखवतं? ॲशच. सिग्नल तपासला नाही तर सगळा हिस्सा जप्त. म्हणजे केन त्या अंड्यापाशी पोचला तो पगार कापला जाऊ नये म्हणून.

आता परत माझ्या प्रश्नाकडे येतो. कुठला खण? मी सायन्स फिक्शन म्हटलं होतं ते सोडत नाही. पण माझं कारण अपुरं होतं. प्राण्याच्या जीवनचक्राचा तर्क बरोबर आहे, फक्त तो तर्क त्या प्राण्यापुरता थांबत नाही. प्राणी केनचं शरीर भांड्यासारखं वापरतो. आणि कंपनी सातही जणांना तसंच वापरते, खनिज आणायला आणि आता हा प्राणी आणायला. आत वाढणाऱ्याला केनचा राग नाही, कंपनीलाही नाही. कुंभारणीला तरी अळीचा राग कुठे असतो? म्हणून मला देहभयपट हे लेबल अर्धं पटतं. देह आहेच, पण तो कुणाच्या हिशोबात किती किमतीचा, ही यातली भीती आहे. मी तरी याला परजीवी विज्ञानभयकथा म्हणेन. वेगळा उपप्रकार हवाच असेल तर हा घ्या. बघा, १९८६ मध्ये जेम्स कॅमेरॉननं दुसरा भाग केला, प्राणी तोच, पण सैनिक आले, बंदुका आल्या आणि तो युद्धपट झाला. कारण तिथे माणसं लढू शकतात. केनला लढायची संधीच नव्हती. त्याला माहीतच नव्हतं.

पण मावसभावाला मी हे सगळं ऐकवलं तेव्हा तो म्हणाला, ठीक आहे, पण माझ्या आत कुठली कंपनी नाहीये, दादा. कुणी काही ठेवलेलं नाही. माझंच शरीर आहे ते. त्याच्यासाठी हा देहभयपटच आहे, पूर्ण, अर्धा नाही. आणि त्याला चूक म्हणायचा अधिकार मला नाही. ओ’बॅननलाही बहुतेक त्याचंच पटलं असतं.

आपल्या वाचनालयांत विज्ञानकथा एका कपाटात आणि भयकथा दुसऱ्या कपाटात असते. नारायण धारपांनी दोन्ही लिहिल्या, ग्रंथपाल काय करणार बिचारा? दोन्हीकडे ठेवा. वाद मात्र चालू ठेवा, कारण वाद घातला नसता तर मी अजूनही फक्त छातीकडे बघत बसलो असतो.

तर तुमचं काम एवढंच. सीन परत बघा. या वेळी रक्त यायच्या आधीचा भाग बघा. टेबलाभोवती कोण हसतंय, कोण नुसतं बघतंय. आणि मग मला कळवा, तुम्ही कुठल्या खणात ठेवताय.

आणि हो, घरात कुणी बऱ्याच दिवसांनी ‘भूक लागलीये’ म्हणालं, तर आनंद जरूर करा. फक्त एक डोळा त्याच्याकडे ठेवा. ॲशसारखा नाही. आपल्या माणसासारखा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.